मांजर माझं, हात रेश्माचा

आजारपणात माणूस मऊ होतो, सोशिक होतो, देवाचं नाव घ्यायला लागतो, असं मी ऐकून होते. माझं तसं काही झालं नाही. मी आजारात जळकी झाले. आधीही असेन थोडीफार, पण तेव्हा हात चालत होते, त्यामुळे जळायला सवड नव्हती. जीबीएस झालेल्या किंवा तो झालेलं माणूस घरात सांभाळणाऱ्या कुणाच्या हाती हे पडलं, तर त्यांना धीर यावा म्हणून लिहिते आहे. मनात वाईट विचार आले म्हणून बरं होणं काही थांबत नाही, एवढाच तो धीर. मी त्याला साक्षीदार आहे.

*

मी पावसला राहते. घरची हापूसची कलमं आहेत, ती नवरा बघतो. मी तीसेक वर्षं भरतकाम करते आणि आसपासच्या बायकांना शिकवते. मुलगी मुक्ता पुण्यात नोकरीला आहे. तिने एक मांजराचं पिल्लू पाळलं, तांबूस-पांढरं, नाव काजू. नवं घर घेतल्यावर तिने काजूचा फोटो पाठवला आणि म्हणाली, "आई, भिंतीवर लावायला मला तुझ्या हातचा काजू हवाय." पोरगी लहानपणी माझ्या हातचे फ्रॉक घालायला लाजायची. त्यामुळे हे ऐकून मी दोन दिवस हवेत होते.

जिवंत वाटेल असं मांजर भरायचं तर सहापदरी धाग्यातला एकच पदर सुईत घ्यावा लागतो. केस ज्या अंगाला वळतात त्याच अंगाला लांब-आखूड टाके घालत जायचं. एक छटा संपायच्या आत तिच्या टाक्यांमधून पुढची छटा घुसवायची, म्हणजे रंगांची सीमा दिसत नाही. काजूसाठी मी चौदा छटा काढल्या होत्या, मलईपासून भाजक्या विटेपर्यंत. डोळे आधी भरले, मग एक कान. बाकी सगळं कापडावर पेन्सिलीच्या रेघांत होतं, आणि त्या रेघांमधून दोन मधाळ डोळे माझ्याकडे बघत होते. आंब्याला मोहर आला होता, कैऱ्या धरेपर्यंत काजू पुरा होईल असा माझा हिशेब होता.

*

एका सकाळी सुई बोटांतून निसटली. उचलली, परत पडली. बोटांच्या टोकांना मुंग्या येत होत्या आणि धागा नेढ्यात जाईना. भरतकाम करणाऱ्या बाईच्या मनात अशा वेळी एकच येतं, की डोळे गेले. मी रत्नागिरीला जाऊन चष्म्याचा नंबर तपासून घेतला. नंबर तोच होता, तरी हट्टाने नवा चष्मा करायला टाकला. पायांनाही मुंग्या येत होत्या, पण ते चष्मेवाल्याला काय सांगायचं, म्हणून सांगितलं नाही. वाचणाऱ्याने एवढं मात्र लक्षात ठेवावं. हातापायांना मुंग्या येऊन त्या वर चढायला लागल्या तर सरळ डॉक्टरकडे जावं, चष्मा नंतर बघता येतो.

चष्मा तयार व्हायच्या आधीच मी पडवीच्या पायरीवर बसले ती उठलेच नाही. पाय होते जागेवर, पण माझं ऐकत नव्हते. नवऱ्याने बगलेत हात घालून उचललं आणि चिडून म्हणाला, "जेवत नाहीस धड, मग दुसरं काय होणार." घाबरला की तो चिडतो. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारून पाहिली. पाय उडाला नाही. त्यांनी दुसऱ्या गुडघ्यावर मारली, मग पुन्हा पहिल्यावर, आणि लगेच कोल्हापूरला न्यायला सांगितलं. आंबा घाटाची वळणं मी गाडीत आडवी पडून, फक्त झाडांचे शेंडे बघत पार केली.

कोल्हापूरच्या दवाखान्यात पाठीच्या मणक्यातलं पाणी काढलं, हातापायांना विजेचे झटके देऊन नसा तपासल्या आणि एका तरुण डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गियाँ-बारे सिंड्रोम, थोडक्यात जीबीएस. शरीर चुकून आपल्याच नसांवर उठतं, म्हणाले. बहुतेक जण बरे होतात, पण वेळ लागतो.

"हात?" मी विचारलं.

"हातही येतील."

"सुई धरता येईल?"

त्यांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आधी चमचा धरू या, काकू," म्हणाले.

त्या क्षणी मला मरणाची भीती वाटली नाही. ती दुसऱ्या दिवशी वाटली, श्वास उथळ झाला तेव्हा. दर काही तासांनी सिस्टर येऊन मला एका श्वासात एक-दोन-तीन म्हणायला लावायची. पहिल्या दिवशी मी तेवीसपर्यंत गेले, तिसऱ्या दिवशी अकरावर अडकले. नवरा खाटेच्या पायथ्याशी उभा राहून ओठांनी माझ्याबरोबर आकडे म्हणायचा आणि मी अडकले की बाहेर निघून जायचा. पाच दिवस नळीतून औषध गेलं. मग एका सकाळी मी सोळापर्यंत आले आणि सिस्टरने माझ्या गालाला हात लावला. ती मिरजेची होती, एवढंच तिच्याबद्दल मला ठाऊक आहे.

*

आता रेश्माबद्दल सांगते. ती माझी धाकटी जाऊ, माझ्याहून सोळा वर्षांनी लहान, माहेर हर्णेचं, घरी होडी आणि मासळीचा धंदा. दीर मुंबईला कामाला असतो, ती पावसलाच आमच्या शेजारच्या खोल्यांत राहते. मुक्ताला रजा मिळेना, फवारणीच्या दिवसांत नवऱ्याला कलमं सोडून राहणं जमेना. तेव्हा रेश्मा आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला हर्णेला आजोळी ठेवून कोल्हापूरला येऊन राहिली. तिने माझं भांडं धरलं, मला पुसलं, पेज भरवली, कूस बदलली. नाकाला खाज आली तरी ती खाजवायला मला रेश्मा लागायची. ज्या दिवशी माझा स्वतःचा हात कसाबसा नाकापर्यंत पोचला, त्या दिवशी मी ते पाच-सहा वेळा उगाच खाजवलं. बरं होणं काय असतं, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

जिने आपलं सगळं काढलं तिच्यावर जळायला फार निगरगट्ट मन लागतं. माझं तसं निघालं. सुरुवात बाजूच्या खाटेवरच्या बाईपासून झाली. तिला माझाच आजार होता आणि तिचा अंगठा माझ्या आधी हलला. तिच्या घरच्यांनी पेढे वाटले, मलाही दिला, रेश्माने तो माझ्या तोंडात घातला आणि मी तो चघळत मनात म्हटलं, हिचा तो अंगठा परत झोपू दे. ती बाई माझ्या आधी घरी गेली, जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली.

मी हट्टाने काजूचं कापड ताणून बसवलेली भरतकामाची रिंग दवाखान्यात मागवून घेतली होती. उशाशी लावून ठेवली की माझी वाट बघणारं कुणीतरी आहे असं वाटायचं. रेश्मा दुपारी माझ्या खाटेशी बसून ती निरखायची. कापड उलटं करून मागची बाजूही बघायची. हे मला खटकलं होतं. कापड उलटून मागची बाजू बघायचं नवशिक्यांना सुचत नाही.

*

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. माझी मुंगी मध्येच झोपायची. घरी आल्यावरही सगळं रेश्माच करायची, म्हणून तिने मुलीला हर्णेलाच ठेवलं होतं. पाय हळूहळू आले, वॉकरने पडवीपर्यंत जायला लागले. हात मात्र मागे राहिले. पकड यायची आणि सुटायची, बोटांच्या टोकांना काहीच कळायचं नाही. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची. तिने मला गोणपाटाचा तुकडा आणि पोती शिवायची दाभणासारखी सुई दिली. त्यात सुतळी ओवून मी, तीस वर्षं एका पदराने भरणारी बाई, आडवेतिडवे टाके घालत बसायचे. रेश्मा सोबत म्हणून माझ्यासमोर मांजरपाट कापडाचा तुकडा घेऊन बसायला लागली. "तुमी एकट्या कशाला शिवत बसता, मी पण बसते," म्हणाली.

पहिल्या दिवशी तिने धावदोरा घातला. चौथ्या दिवशी साखळी टाका. मी सांगायचे, ती करायची. लहानपणापासून तिने माहेरी जाळी सांधली होती, त्यामुळे दोऱ्याचा ताण तिला शिकवावा लागला नाही. तीन आठवड्यांत ती एका पदराने लांब-आखूड टाका घालायला लागली आणि छटा अशी मिसळायची की मी मान वळवून घ्यायचे. मला तो टाका जमायला दोन वर्षं लागली होती. माझ्या वर्गातल्या कितीतरी बायकांना तो अजून जमलेला नाही आणि त्यांना मी आनंदाने शिकवते.

मुक्ता रोज व्हिडिओ कॉल करायची. आधी दहा मिनिटं माझी चौकशी व्हायची. मग हळूहळू "काकी, आज काय भरलंस दाखव" सुरू झालं. रेश्मा फोन घेऊन कापडावरून फिरवायची आणि दोघी रंगांवर बोलायच्या. मी खुर्चीत बसून ऐकायचे. एक दिवस मुक्ताच म्हणाली, "आई, काजू काकीला पूर्ण करू दे ना. तुझ्या डोळ्यांसमोरच करेल."

"करू दे की," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आयत्या बिळावर नागोबा, हे मनात म्हटलं.

रेश्माने दुसरा कान भरला. तो माझ्या कानाशेजारी ठेवून मी निम्मी दुपार बघत बसले. माझ्या कानातले केस एकसारखे होते. तिच्या कानातल्या केसांत एखादा मध्येच वाकडा, एखादा सुटा होता, आणि फोटोतल्या काजूचे तसेच होते. मुक्ताने फोनवर दोन्ही कान बघितले. "काकीचा कान किती खरा वाटतो गं, आई," म्हणाली. मला वाईट वाटावं म्हणून म्हणाली नाही. तिला वाटलं, मला आनंद होईल.

माझ्या पोटात खरोखर दुखलं. त्या दिवसांत मला शरीरात फारसं काही कळत नव्हतं, हे मात्र कळलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी रेश्मा मला पेज भरवत होती. हाताला चमचा अजून पुरता झेपत नव्हता. भरवता भरवता तिने विचारलं, "ताई, पाठ झाली. आता आधी छाती घेऊ की तोंड?"

याचं उत्तर एकच आहे. जे केस खाली असतात ते आधी भरायचे आणि जे वर पडतात ते नंतर. आधी छाती, मग तिच्यावर गाल आणि हनुवटी, म्हणजे हनुवटीच्या केसांची टोकं छातीवर सुटी पडतात आणि मान पुढे आल्यासारखी दिसते. क्रम उलटा झाला की मांजराचं मुंडकं छातीत रुतून बसतं. हे मी प्रत्येक वर्गात पहिल्याच दिवशी सांगते.

मी पेज गिळली. "तोंड घे आधी," मी म्हटलं. "तोंड नीट आलं की बाकीचं येतं."

तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग "बरं" म्हणून पुढचा चमचा दिला.

वीस-बावीस दिवस ती त्यावर बसली. माझं करून, स्वयंपाक करून, मिळेल त्या वेळात पडवीच्या उजेडात. मी रोज समोर बसायचे, सुतळीचे टाके घालायचे आणि एक शब्द बोलायचे नाही. कधी कधी तोंडापर्यंत यायचं. मग मुक्ताचा फोन यायचा, ती "काकी" म्हणून हाक मारायची आणि आलेलं परत आत जायचं. छाती भरून झाली तेव्हा काजू हनुवटीपर्यंत पाण्यात बुडून नुसतं तोंड वर काढल्यासारखा दिसत होता. एकेक टाका सुरेख होता आणि सगळं मिळून चुकलं होतं.

मुक्ताने ते फोनवर पाहिलं. "छान आहे," म्हणाली. "पण मान कुठे गेली गं?"

"मीच चुकले," रेश्मा लगेच म्हणाली. "ताईंनी बरोबर सांगितलेलं, मीच गोंधळ केला."

मुक्ता म्हणाली, "जाऊ दे काकी. आईचा हात आला की आई करेल नीट." इतके महिने मी या एका वाक्यासाठी जळत होते. ते मिळालं आणि मला नकोसं झालं.

*

दोन दिवस मी व्यायामाला बसले नाही. नवऱ्याला वाटलं आजार उलटला, तो पुन्हा चिडायला लागला. तिसऱ्या दिवशी रेश्मा माझे केस विंचरत होती, मी तिला पाठमोरी होते, म्हणून बोलता आलं.

"रेश्मा, तुला क्रम उलटा मी सांगितला. मला ठाऊक होता. मुद्दाम सांगितला."

फणी थांबली नाही. "म्हायत्ये मला," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्याच दिवशी. ओ ताई, दरवर्षी घराची कौलं चाळायला मी वर चढते. कौलं वळचणीपासून वर लावत नेतात, वरचं खालच्यावर चढतं. मांजराचं निराळं असेल काय?"

"मग केलंस कशाला?"

तिने केसांचे तीन पेड केले. "तुमाला हातानं काय होत नव्हतं. सांगायचं तेवढं होत होतं. ते पण मी खोटं पाडू? मला वाटलं, एक-दोन दिवसांत तुमीच थांबवाल." पेड घट्ट ओढून म्हणाली, "नाय थांबवलंत."

मी रडले. तिने रडू दिलं आणि वेणी घालत राहिली. मग रबर लावून पुढे आली आणि माझ्यासमोर बसली. तिचा चेहरा मऊ नव्हता.

"माझी पोर चार महिने आजीकडे हाय. फोनवर विचारते, तू मुक्ताताईची आई झालीस काय. आणि मी इथे त्या मांजरावर डोळे फोडले. उसवायचं काम मी करणार नाय, ताई. तुमी उसवायचं. आणि मी उद्या हर्णेला जाते, पोरीला घेऊन येते."

ती गेली. चार दिवस मला नवऱ्याने भरवलं, अंगभर सांडलं, आणि त्याच चार दिवसांत मी चमचा स्वतः धरायला शिकले.

*

नवे टाके जुन्यांवर चढवले असते तर हनुवटीखाली गोळा झाला असता, म्हणून उसवण्याला पर्याय नव्हता. सुईचं बोथट टोक टाक्याखाली घालायचं, उचलायचं, छोट्या कात्रीने कापायचं, चिमट्याने ओढायचं. चांगल्या हाताला हे चार-पाच दिवसांचं काम. मला सहा आठवडे लागले. पहिल्या दिवशी तीन टाके निघाले आणि हात थरथरून सुन्न पडला. व्यायामवाली मुलगी खूश झाली. मी आपणहून नवा व्यायाम शोधून काढला असं तिला वाटलं आणि मी तिला तसं वाटू दिलं. गोणपाटाने जे केलं नाही ते या उसवण्याने केलं. एकेक टाका उचलताना तो किती नीट घातला होता हे बोटांना आणि डोळ्यांना कळत जायचं, आणि दर टाक्याला मी नव्याने जळायचे. जळता जळता चिमटा धरायला शिकले. कुणाला जमत असेल तर त्यांनी प्रेमाने शिकावं, मला असंच जमलं.

रेश्मा मुलीला घेऊन परतल्यावर मी मुक्तालाही सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काकीला फोन दे." मी दिला आणि आत गेले. दोघी काय बोलल्या ते मी विचारलं नाही आणि आजवर कुणी सांगितलं नाही.

उसवून झाल्यावर मी कापड रेश्माकडे दिलं. तिने छाती भरली, मग हनुवटी, मग गाल. या वेळी तिने मला काही विचारलं नाही. काजूची मान पुढे आली. शेवटी मिशा घातल्या, कापड धुऊन उलट्या बाजूने इस्त्री केलं आणि माझ्या मांडीवर आणून ठेवलं. माझा एक कान, माझे दोन डोळे आणि बाकी सगळं तिचं.

"खाली कोपऱ्यात तुमचं नाव घाला, ताई," ती म्हणाली. "चित्र तुमी काढलेलं. मुक्ताने तुमच्याकडेच मागितलेलं."

आम्ही भरणाऱ्या बायका कोपऱ्यात नाव घालतो, तेवढीच आमची सही. ते नाव मला हवं होतं. खोटं कशाला सांगू, फार हवं होतं. काजू पुण्याला जाणार, येणारेजाणारे खाली वाकून वाचणार, मुक्ता म्हणणार, आईने केलंय.

मी सुईत तपकिरी धाग्याचा एक पदर ओवला. ओवायलाच अर्धा तास गेला, रेश्मा पुढे झाली तर तिला हाताने थांबवलं. मग रोज सकाळी थोडं थोडं करत तीन दिवसांत मी कोपऱ्यात दांडी टाक्याने नाव घातलं. आजारानंतर माझ्या हाताने कापडावर घातलेली ती पहिली अक्षरं. रेश्मा पहिल्या दिवशी बघायला आली आणि "रे" वाचून तशीच उभी राहिली. तिसऱ्या दिवशी तिचं नाव पुरं झालं. शेवटचं अक्षर वाकडं आलं. या वेळी मुद्दाम नाही.